नवा शर्ट रानात कोण घालतं

फाटलेलं घेऊन बायका माझ्याकडं येतात आणि शिवलेलं घेऊन जातात. तीस वर्षं मी हाच धंदा करते आहे. त्यामुळं माझ्या पोटच्या पोरीनं, फेथनं, आठ कोरे करकरीत शर्ट शिवायचे आणि मग ते फाडायचे असं सांगितल्यावर मी मशीनवरचा पाय काढला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

दुकान आमचं तळेगाव ढमढेऱ्यात. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, पँटची चेन बदलणं, असलं सगळं. फेथ पुण्याला फॅशन डिझायनिंगच्या शेवटच्या वर्षाला. या वर्षी प्रत्येकीनं स्वतः बेतलेले आठ कपडे मांडायचे, बाहेरचे परीक्षक येऊन बघणार आणि त्यावर पास-नापास ठरणार. फेथनं विषय घेतला होता डिस्ट्रेस्ड कपडे. म्हणजे काय, तर मुद्दाम जुने, विटके, झिजके केलेले कपडे. मोठ्या दुकानात असला शर्ट धड शर्टाच्या तिप्पट किमतीला जातो म्हणे. मी म्हटलं, तसं असेल तर आमच्या वाडीवर सगळ्या करोडपतीच राहतात.

पण हसून सोडून द्यावं असं ते नव्हतं. जॉन्सननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला पुण्याला पाठवतानाच बजावलं होतं की संधी एकदाच. पास झाली तर पुढचं तुझं तू बघ, नापास झाली तर आईच्या शेजारी दुसरं मशीन टाकून देतो. तो कंपनीत सुपरवायझर आहे, एकदा बोलला की बोलला. आणि माझ्या शेजारचं मशीन म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझी मान आखडलीय, डाव्या डोळ्याला आता सुईचं नेढं दिसत नाही आणि तीस वर्षांत लोकांच्या साड्यांच्या काठापलीकडं मी फारसं काही पाहिलेलं नाही. पोरगी त्या मशीनवर बसू नये, एवढीच माझी देवाजवळ मागणी होती. त्यासाठी फाडायचं तर फाडू, असं मी मनाशी म्हटलं.

वर्गातल्या बाकीच्या मुली शर्ट कारखान्यात देऊन औषधं घालून विटवून आणणार होत्या. आमचं बजेट म्हणजे शिरूरच्या बाजारातले कटपीस, माझा दोरा आणि माझं मशीन. म्हणून फेथनं वेगळीच कल्पना काढली. आमच्याकडं बायका रानात जाताना साडीवर पुरुषाचा जुना फुल शर्ट घालतात. ऊन लागत नाही, कुसळं टोचत नाहीत, उसाचं पान कापत नाही. नवऱ्यानं टाकलेला, पोराला आखूड झालेला, जो हाताला लागेल तो. रान त्या शर्टाची अशी दशा करतं की कुठल्या कारखान्याला जमणार नाही. फेथचं म्हणणं, आपण आठ नवीन शर्ट शिवू, बायकांना महिनाभर रानात घालायला देऊ आणि झिजले की परत घेऊन मांडू. खर्च काही नाही आणि खोटंही काही नाही.

तिच्या कॉलेजच्या मॅडमना ही कल्पना फार आवडली. त्यांनी दोन अटी घातल्या. शर्ट फेथनंच कापलेले-शिवलेले हवेत, कापड कापल्यापासूनचे फोटो लागतील, कुणाचा आधीचा जुना शर्ट आणून चालणार नाही. आणि शर्ट कुठं झिजलाय ते बघूनच घालणारी काय काम करते हे कळलं पाहिजे. कल्पना मलाही आवडली, हे कबूल करते. तिथंच माझी मती गुंग झाली असणार.

आमच्या वाडीवर सरूबाई राहते. तिची सात जणींची टोळी आहे. सकाळी पिकअप येतो आणि त्यांना नदीपलीकडं, दौंड तालुक्यात राहूच्या बाजूला घेऊन जातो, कांदा असेल तर कांद्याला, ऊस असेल तर उसाला. मी सातही जणींना दुकानात बोलावलं आणि फेथनं त्यांची मापं घेतली. सरूबाई पंचावन्नची असेल. चाळीस वर्षं अंगावर शर्ट आहे, पण तिच्या अंगाचं माप घेऊन शर्ट कुणी शिवला नव्हता. फेथनं खांद्यावर टेप धरली तेव्हा ती श्वास रोखून ताठ उभी राहिली, बोलायलाच तयार नाही. ताईबाईला गुदगुल्या व्हायला लागल्या म्हणून ती मधेच खाली बसली. भागुबाईनं कॉलर ताठ येईल ना, हे तीनदा विचारून घेतलं.

फेथनं सगळ्यांना नीट समजावलं. शर्ट रोज रानात घालायचा, अजिबात जपायचा नाही, फाटला तर फाटू द्यायचा. साती जणींनी माना डोलावल्या. आणि मग माझ्या शहाण्या पोरीनं जाता जाता सांगून टाकलं की परीक्षा झाली की हे शर्ट तुमचेच. बास. शर्ट आमचे आहेत, खराब करून परत द्या, असं म्हटली असती तर काम झालं असतं. तुमचेच म्हटली आणि सगळं मुसळ केरात गेलं, फक्त ते आम्हाला कळायला महिना लागला.

आठवा शर्ट माझा. मी तो दुकानात घालून काम करायचं, म्हणजे शिवणाऱ्या बाईची झीज दिसेल, असं ठरलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शर्ट वाटले. निळं जाड कापड, पुढं दोन खिसे, बाह्यांना दुहेरी शिलाई. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा सफाईदार शिवले होते पोरीनं. मग ती होस्टेलवर परत गेली आणि दर दोन दिवसांनी फोन करून शर्टांची चौकशी करायला लागली. माझं दुकान दहाला उघडतं, पिकअप सातलाच गेलेला असतो. संध्याकाळी सरूबाई दळण घेऊन जाताना दिसली की मी विचारायची, शर्ट कसा आहे. ती म्हणायची, लय झ्याक बसलाय. भागुबाईला विचारलं तर म्हणाली, माणसं वळून वळून बघत्यात. ताईबाई म्हणाली, गरम होत न्हाई. सगळ्या खरंच बोलत होत्या. मीच मूर्ख, घालून कुठं जाता हे विचारलं नाही. मी जे ऐकलं ते फेथला सांगत होते आणि फेथ ते फाइलमध्ये तारखांसकट लिहून काढत होती.

परीक्षा वीस एप्रिलला. आठ तारखेला फेथ कॅमेरा घेऊन आली आणि आम्ही दोघी जीपनं राहूला गेलो. टोळी त्या दिवशी ज्यांच्याकडं कामाला होती त्या बाळासोंच्या रानात कांदा काढणी चालली होती. बांधावरून बघितलं तर सात बायका वाकलेल्या आणि अंगावर सात शर्ट. एकाचा मूळ रंग कुठला ते परमेश्वरालाच माहीत, एकाला एक बाही होती आणि दुसरी नव्हती, एकाच्या पाठीवर कुठल्या तरी कंपनीचं अर्धं नाव होतं. आमच्या निळ्या शर्टातला एकही नाही. फेथनं कॅमेऱ्याचं झाकण काढलं होतं ते परत लावलं.

मी विचारलं, शर्ट कुठं आहेत. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी सरूबाईनं विळा खाली ठेवला आणि मला शांतपणे विचारलं, "नवा शर्ट रानात कोण घालतं, बाई?"

बाळासो बांधावर उभे राहून हसत होते. ते म्हणाले, शर्ट बघितलेत आम्ही, पिशवीतनं आणले होते एक दिवस, दुपारच्या सुट्टीत हात धुऊन सगळ्यांना दाखवले आणि परत पिशवीत घालून नेले. माझ्या मालकिणीला पण तसला शिवून हवाय.

संध्याकाळी आम्ही घरोघर फिरलो. शर्ट ट्रंकांमधून, कपाटांमधून, एक तर देव्हाऱ्याखालच्या फळीवरून बाहेर आला. सगळे स्वच्छ, घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेले आणि प्रत्येकाच्या कॉलरला आतून हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. नव्या कापडाला लावतात तसं. ताईबाई शर्ट घालून बँकेत गेली होती, आधार लिंक करायला, आणि एकदा दवाखान्यात. दोघी-तिघींनी घडीच मोडली नव्हती. पोरगी बाळंतपणाला आली की तिला दाखवून मग घालीन, असं एकीनं सांगितलं.

भागुबाईच्या ट्रंकेत शर्टच नव्हता. तिनं तो भाच्याला आहेरात देऊन टाकला होता. भाचा सार्थक यवतला राहतो, गेल्या पंधरवड्यात त्याचा साखरपुडा झाला. घरात दुसरं काही नवं नव्हतं, असं ती म्हणाली, आणि आपल्याला इतकं चांगलं कापड काय करायचं. मी म्हटलं, अहो, बायकी मापाचा शर्ट आहे तो, त्याला बटणं तरी लागतात का. तर म्हणाली, न्हाई लागत, पण फोटोत कळत न्हाई. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी यवतला गेले. नव्या नवरदेवाच्या दारात उभं राहून आहेर परत मागायची वेळ माझ्यावर आली. बदल्यात जॉन्सनचा एक न वापरलेला शर्ट दिला, तेव्हा कुठं निळा शर्ट मिळाला. तो देताना त्याच्या आईनं मला चहासुद्धा विचारला नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

परत आले तर फेथ माझ्या कपाटापुढं उभी होती. तिनं मला एवढंच विचारलं की तुझा कुठं आहे. महिनाभर कपाटातल्या त्या शर्टाकडं मीच पाहिलं नव्हतं, पण तिनं नेमकं पाहिलं. माझा शर्ट प्लॅस्टिकच्या कव्हरात, हँगरला लावलेला होता. आमच्यात हळदीकुंकू नाही, पण नवा कपडा पहिल्यांदा रविवारी चर्चला घालायचा, मग बाकीचं. चर्चला साडीवर शर्ट घालून जाता येत नाही, म्हणून तो राहिला होता. उद्या घालू, उद्या घालू म्हणत महिना गेला. महिनाभर मी लोकांना विचारत फिरत होते, घालता ना, घालता ना. फेथनं नुसतं कपाटाचं दार लावून घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

अकरा दिवस उरले होते. मी टोळीला परत एकदा दारात बसवलं आणि हात जोडून सांगितलं, बायांनो, निदान आता तरी घाला. त्यांना वाईट वाटलं. पोरीचं नुकसान व्हायला नको, असं सगळ्या एका आवाजात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे उठून पिकअपपाशी गेले. साती जणी तयार होत्या, आणि अंगावर तेच जुने फाटके शर्ट. माझं डोकंच फिरलं. मी सरूबाईला जाब विचारला तर तिनं वरची दोन बटणं सोडून दाखवली. आत निळा शर्ट होता.

"घातला की. वरनं जुना घातला, म्हंजी खराब व्हायला नगं."

मी परत घरी आले आणि चहा न घेता तशीच बसून राहिले.

आता घरीच झिजवण्याशिवाय इलाज नव्हता. फेथनं मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, हातानं झिजवलंस तरी चालेल, पण दुसरी अट तशीच राहील. कुठल्याही जागी भोकं पाडून आणलीस तर मी काही करू शकणार नाही, परीक्षक पहिल्यांदा तेच बघतात. मग फेथनं टोळीला निरोप पाठवला की शर्ट तेवढे आणून द्या. आणि ते येईपर्यंत आम्ही मायलेकींनी माझ्या शर्टावर हात साफ करून घ्यायचा ठरवलं.

हात साफ कसला, कल्याणच केलं. पॉलिश पेपरनं कोपर घासलं तर नुसती लव निघाली. खोबऱ्याची किसणी लावली तर भोक पडलं, तेही नको त्या जागी. फेथनं मोबाइलवर बघून ब्लीचिंग पावडर कालवली, ती जास्त झाली आणि छातीवर पांढरे डाग पडले, पान खाताना चुन्याची डबी सांडावी तसे. ते झाकायला चहाच्या पाण्यात बुडवला तर शर्ट आजारी दिसायला लागला. मी तीस वर्षं कापड हाताळते आणि मला एक शर्ट जुना करता येईना. आम्ही दोघी एकमेकींवर खेकसत होतो. तिचं म्हणणं, तू जोर लावत नाहीस. माझं म्हणणं, माझा हातच फाडायला वळत नाही. दोन्ही खरं होतं.

सोळा तारखेला बाजारचा दिवस, टोळीला सुट्टी. दुपारी सरूबाई सात शर्टांची पिशवी घेऊन आली. इस्त्री करून आणले होते. तिनं दारातूनच तो आठवा शर्ट बघितला, दोरीवर टाकलेला, पांढरा-पिवळा, भोकाभोकांचा. हे उंदरानं खाल्लं का, असं तिनं विचारलं. फेथनं पिशवीतला सगळ्यात वरचा शर्ट काढला, तो सरूबाईचाच होता, आणि धुण्याच्या दगडावर पसरला. हातात किसणी घेतली. कॉलरच्या आत हळदीकुंकवाचं बोट दिसत होतं. ती किसणी तशीच धरून बसली. मी म्हटलं, आण इकडं, मी करते. मी किसणी घेतली आणि मलाही ते जमेना. समोर ती बाई उभी, तिच्या देखत तिचा शर्ट कसा फाडायचा?

"नापास झाली तर काय हुईल?" सरूबाईनं मला विचारलं.

मी सांगितलं. माझ्या शेजारी दुसरं मशीन येईल आणि फेथ त्याच्यावर बसेल, जन्मभर. सरूबाईनं माझ्या मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, जरा जास्तच वेळ. मग पदर खोचला आणि दगडापाशी बसली. पाणी आणायला सांगितलं आणि टाच घासायची वजरी आहे का विचारलं. वजरी न्हाणीतच होती.

"कापड एकदम फाटत न्हाई, बाई. आदी पातळ हुतं, मग कवातरी फाटतं. तुमी डायरेक भोकच पाडाय लागला."

टेलर मी, आणि हे मला एका मजूर बाईनं सांगावं. तिनं शर्ट भिजवला आणि उजव्या बाहीच्या कडेला वजरी लावली, हळू, एकाच दिशेनं. विळ्याचा हात हा, म्हणाली, ह्याची कड पहिली जाते. मग ती उठली, तो ओला शर्ट तसाच साडीवर चढवला आणि कांद्याला बसते तशी उकिडवी बसली. कुठं ताण येतो ते फेथला हात लावून लावून दाखवायला लागली. डाव्या बाहीवर आडव्या बारीक चिरा पाहिजेत, उसाचं पान तिथं लागतं. उजवा खांदा पार पातळ, तिथं गोणी बसते. पाठीत मधोमध घामाचं मीठ धरतं, तिथला रंग आधी जातो. फेथ खडूनं खुणा करत होती आणि वहीत लिहून घेत होती.

मग सरूबाईनं डाव्या कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, इथं घास, भरपूर घास. फेथनं विचारलं, इथं काय लागतं.

"हितं लेकरू असतंय. माझी तिन्ही हितंच वाढली. आता नातू हाय."

फेथचा खडू थांबला. मी म्हटलं, घास लवकर, चार दिवसांवर परीक्षा आलीय, रडत बसायला वेळ नाही.

सरूबाईनं निरोप धाडून बाकीच्यांना बोलावलं. आधी सगळ्यांचे चेहरे पडले. ताईबाईनं तर शर्ट छातीशी धरला, सोडेचना. सरूबाईनं तिला काही समजावलं नाही, स्वतःचा शर्ट घासत राहिली, मग ताईबाई आपणहून येऊन शेजारी बसली. ती डावखुरी, तिची डाव्या बाहीची कड झिजते. भागुबाई क्रेट उचलते, तिचा पोटावरचा भाग जातो. एकीला बसून काम होत नाही, ती गुडघ्यांवर रांगते, तिच्या शर्टाचा घेर मातीला लागून कातरतो. प्रत्येकीला आपलं कापड कुठं मरतं ते पाठ होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात सात जणी आपापले नवे शर्ट झिजवत बसल्या होत्या, आणि मी चहा करून करून दमले.

सरूबाईनं कॉलर सगळ्यात शेवटी घेतली. मी म्हटलं, राहू द्या कॉलर, तिथं हळदीकुंकू आहे. तिनं मान हलवली. कॉलर कशी राहील, मानेच्या घामानं तर ती सगळ्यात आधी जाते, परीक्षा घेणाऱ्याला कळणार नाही का. आणि तिनं वजरी लावली. हळदीचा पिवळा डाग पाण्यात पसरला आणि दगडावरून वाहून गेला.

तेव्हा मात्र फेथला राहवलं नाही. ती खाली बसली, सरूबाईचा हात धरला आणि म्हणाली, मावशी, मी तुम्हा सगळ्यांना नवीन शर्ट शिवून देईन, असेच, याच मापाचे, परीक्षा झाली की लगेच. मी मनात सातही शर्टांचं कापड मोजायला लागले होते. सरूबाईनं हात सोडवून घेतला आणि शर्ट पिळला.

"नवा नगं. ह्योच परत आण, त्यांचं बघून झालं की. नव्याला जपत बसावं लागतंय. ह्यो आता मला घालता ईल."

फेथ पास झाली. परीक्षकांमधल्या एका बाईंनी म्हणे डाव्या कमरेच्या झिजेवर बोट ठेवून विचारलं, हे चुकून झालंय का. फेथनं सांगितलं, इथं मूल असतं. माझा चहाचा, चुन्याचा शर्ट मात्र तिनं मांडलाच नाही, सातच मांडले आणि एका कपड्याचे गुण सोडून दिले. मला आधी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का, सांगता येत नाही. जॉन्सननं निकाल ऐकला, बरं म्हणाला आणि कंपनीत गेला. दुसऱ्या मशीनचं नाव निघालं नाही.

शर्ट परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सातच्या आत पिकअपपाशी जाऊन उभी राहिले. आता काय कारण काढून घरी ठेवले असतील कुणास ठाऊक, असंच माझ्या मनात होतं. साती जणी निळे शर्ट घालून आल्या. सरूबाई फळीवर पाय देऊन वर चढली आणि खाली हात देऊन बाकीच्यांना ओढून घेत होती. चाळीस वर्षं तिचे खांदे दुसऱ्याच्या शर्टात लोंबत होते. त्या दिवशी खांद्याची शिलाई बरोबर खांद्यावर होती, बाही मनगटाशी थांबत होती, पाठीला एक चुणी नव्हती. तीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेला कपडा कुणाच्या अंगावर इतका नीट बसलेला मी पाहिला नाही, आणि तो सतरा ठिकाणी झिजलेला होता.